जिजीच्या जांभळ्या मलमाची परीक्षा

मुलुंड पूर्वेला आमच्या बिल्डिंगमधली पोरं मैदानावर लांबूनही ओळखू यायची, कारण त्यांचे गुडघे जांभळे असायचे. बाकीच्या बिल्डिंगांमधली पोरं पडली की त्यांच्या गुडघ्यांवर दवाखान्यातलं लाल औषध दिसायचं, आमच्या पोरांच्या गुडघ्यांवर जिजीचं मलम. क्रिकेटच्या टीमसुद्धा ‘जांभळे’ आणि ‘बाकीचे’ अशाच पडायच्या. एकदा बाकीच्यांचा विकेटकीपर कोपर फोडून गुपचूप आमच्याकडे मलम लावून गेला, तर त्याला फितूर ठरवून त्याच्याच टीमने आठवडाभर बॅटिंग दिली नाही. जिजी म्हणजे माझी आत्या. माझ्या वडिलांना आम्ही दादा म्हणायचो, त्यांची ही थोरली बहीण. नवरा गेल्यावर वेंगुर्ल्याकडच्या गावाहून ती जी आमच्या दोन खोल्यांत आली, ती एक ट्रंक, एक पाटा-वरवंटा आणि काचेची एक मोठी बरणी घेऊन. दादा गिरणी सोडून एल.बी.एस. रोडवरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर झाले होते आणि तिथे म्हणे त्यांचा चांगला दरारा होता. घरात शिरताना तो दरारा ते चपलांबरोबर बाहेर काढून ठेवायचे.

मे महिन्यात गावाहून कुणी ना कुणी रातांब्यांचं, म्हणजे कोकमाच्या फळांचं, खोकं घेऊन यायचं आणि मग दोन-तीन दिवस आमच्या घरात माणसांना जागा नसायची. गॅलरीत सोलं वाळत, मोरीच्या कडेला बिया वाळत, आणि स्टोव्हवर लाल रस आटत. त्या आंबट वासाने जिन्यावरून येणाऱ्या माणसाच्या तोंडाला पाणी सुटायचं. जिजी बिया कुटून उकळायची, वर तरंगलेलं कोकमाचं तेल निवळून घ्यायची. ते थिजलं की मेणासारखं घट्ट व्हायचं. त्यात थोडं खोबरेल घालायचं, नाहीतर थंडीत मलम काढायला अडकित्ता लागला असता. मग आटून गर्द जांभळा झालेला रस त्यात घालून हाताने फेसत राहायचं आणि शेवटी सहाणेवर उगाळलेला चिमूटभर हिरडा. फेसताना घरात कुणी भांडायचं नाही असा नियम होता. भांडलं तर मलम फुटतं म्हणे. आई मला हळूच म्हणायची, “वर्षातले हे दोन दिवस तरी सुखाचे जातात बाई. हिला बारा महिने मलम करायला बसवली पाहिजे.”

मलम लावायचीही एक रीत होती, आणि ती मलमापेक्षा मोठी होती. पडलेल्या पोराला पाटावर बसवायचं. कसा पडलास, कुणी ढकललं, तू त्याआधी काय केलं होतंस, हे सगळं खरंखरं वदवून घ्यायचं, कारण खोटं बोलणाऱ्याची जखम चिघळते. मग उकळून गार केलेलं पाणी. सकाळीच एक तपेली पाणी उकळून ती झाकून ठेवायची आणि त्याला कुणी हात लावला तर हाताची खैर नसायची. हे पाणी जखमेवर ओतून ती मातीचा कण न् कण काढायची, आणि तो प्रकार भयंकर झोंबायचा. पोरगं उठून पळू नये म्हणून जिजी गाऱ्हाणं घालायची. गावी देवळात शुभकार्याआधी घालतात तसं, खणखणीत आवाजात. “बा देवा म्हाराजा,” अशी ती सुरुवात करायची आणि पोराने “होय म्हाराजा” म्हणायचं. “ह्या गाढवाच्या पायाक आराम पडू दी रे म्हाराजा.” “होय म्हाराजा.” “आणि परत तो भिंतीवर चढूक नाय पायजे रे म्हाराजा.” इथे पोरगं अडखळायचं, आणि ते अडखळलं की नेमकं तेव्हाच ती भस्सकन पाणी ओतायची. मग उकळून वाळवलेल्या जुन्या लुगड्याची पट्टी, आणि त्याआधी मलमाचं ते एक बोट. मलम थंडगार लागायचं. लावून झालं की पोरगं एखादी लढाई जिंकल्यासारखं खाली जायचं.

तळमजल्यावर एक डॉक्टर होते. स्वभावाने चांगले होते, पण एकदा जिन्यात जिजीला म्हणाले, “जिजी, तुमचं मलम म्हणजे जांभळं लोणी हो. पावाला लावा, पायाला कशाला?” डॉक्टर गंमत करत होते. जिजीला गंमत हा प्रकार फक्त दुसऱ्याची करायला चालायचा. त्यानंतर ती डॉक्टरांच्या दवाखान्यासमोरून जाताना पदर डोक्यावरून घेऊन मान फिरवून जायची. आज मला त्यातलं खरं कळतं. आमच्याकडे राहणारी ती एक आश्रित बहीण होती. आई दादांना तिच्यावरून कधी कमी-जास्त बोलली नाही, पण दोन खोल्यांत कुणाला आपली अडचण होतेय हे सांगावं लागत नाही. त्या बरणीमुळे मात्र बिल्डिंगमधलं कुणीही दार वाजवून “जिजी आहे का?” असं विचारायचं. दादांना विचारत यायचे ते फक्त वर्गणीवाले.

मी तेव्हा मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या घराण्यात जंतू हा विषय घेऊन शिकणारी पहिलीच, त्यामुळे नातेवाईक मला लांब बसून चहा द्यायचे. त्या वर्षी प्रत्येकीने एक छोटा प्रकल्प करायचा होता. आमच्या कामत मॅडम म्हणाल्या, “घरात काही पारंपरिक औषध असेल तर आणा, जंतूंवर चालतं का बघू.” मी घरी येऊन जेवताना हे सांगितलं मात्र, जिजीने ताटातला हात थांबवला.

“माझ्या मलमाची परीक्षा घेवची आसा?” ती म्हणाली. “घे. कॉलेजान पास केलां तर तो कागद त्या डॉक्टराच्या दारावर चिकटवतलंय. आणि नापास केलां तर...” इथे ती थांबली. दादा म्हणाले, “असू दे गं, कशाला?” तिने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. “नापास केलां तर आजपासून बरणी माळ्यार. मी कोणाक लावचंय नाय.” आईने मला डोळ्यांनी खुणावलं, नको. पण मी वीस वर्षांची होते, मलम पास होणार याची मला जिजीपेक्षाही जास्त खात्री होती. माझेच गुडघे तर होते पुराव्याला.

जिजीची एकच अट होती. तिच्या पाठीमागे परीक्षा नको. म्हणून ठरल्या दिवशी ती बरणी पदराखाली धरून, नऊवारी नेसून, नाकात नथ घालून माझ्याबरोबर कॉलेजच्या लॅबमध्ये आली. मॅडमनी तिला स्टूल दिलं. मी तिला दाखवलं: ही काचेची झाकणाची बशी, हिच्यात चायना ग्रासच्या पुडिंगसारखा थर, त्यावर आता जखमेत पू करणारे जंतू पसरायचे, थरात छोटे खड्डे पाडायचे आणि खड्ड्यात मलम भरायचं. बशी रात्रभर उबेत ठेवायची. जंतू वाढून सगळीकडे सारवल्यासारखं दिसेल, पण मलम चालत असेल तर खड्ड्याभोवती स्वच्छ गोल राहील. जिजीने सगळं ऐकून घेतलं आणि मॅडमना विचारलं, “जंतू खयचे?” मॅडम म्हणाल्या, कॉलेजातलेच आहेत, आम्ही नळीत वाढवतो. “म्हणजे रोज खायला घालता?” “हो, घालावं लागतं.” जिजीने माझ्याकडे वळून खाजगी आवाजात, म्हणजे लॅबच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असं सांगितलं, “हे पोसलेले जंतू आसत गो. मैदानातले जंतू रोडके असतत. ही परीक्षा बरोबरीची नाय.”

तरीही तिने आपल्या हाताने खड्डे भरले, आणि बश्या उबेच्या कपाटात गेल्यावर कपाटाचं दार लागायच्या आत ती समोर उभी राहून हात जोडून सुरू झाली. “बा देवा म्हाराजा.” मला जमीन दुभंगावी असं झालं. सगळ्या मुली वळल्या. पण लॅबमध्ये सावंत नावाचे अटेंडंट होते, कणकवलीकडचे. त्यांच्या हातात काचेच्या नळ्यांचा ट्रे होता. तो त्यांनी तिथल्या तिथे टेबलावर ठेवला आणि डोकं झुकवून म्हणाले, “होय म्हाराजा.” जिजीला हुरूप आला. “आज ह्या तुझ्या लेकरान जां काय मलम ठेवलेला आसा, तेका यश दी रे म्हाराजा.” “होय म्हाराजा.” “जे कोण जंतू माजलेले असतीत, तेंचो नायनाट कर रे म्हाराजा.” आता मुलीही सामील झाल्या होत्या. जिजीने माझ्याकडे हात केला. “आणि ह्या चेडवाक पयल्या नंबरान पास कर रे म्हाराजा.” ह्या शेवटच्या ‘होय म्हाराजा’त मॅडमचा आवाज मी स्पष्ट ऐकला. त्या मंगळूरच्या होत्या, त्यांना ते कुठून आलं कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी बश्या बाहेर काढल्या. जंतू सगळीकडे दाट वाढले होते. खड्ड्याच्या अगदी काठापर्यंत, मलमाला टेकून, सोनेरी रंगाचे, तब्येतीने खणखणीत. गोल वगैरे काही नाही. जिजीने बशी उजेडाकडे धरली, फिरवली, उलटी केली आणि विचारलं, “गोल खय आसा?” तिने बशी हलकेच टेबलावर ठेवली. “म्हणजे नापास.”

मॅडम मनाने चांगल्या. त्या म्हणाल्या, “आजी, मलम तेलकट आहे. तेलात अडकलेला रस या थरात उतरत नाही. त्यामुळे ही मलमाची खरी परीक्षाच झाली नाही. आपण फळाचा नुसता रस घालून बघू.” यावर दुसरं कुणी खूश झालं असतं. जिजी म्हणाली, “रस पास झालो तर मलम पास कसां? पोराचे मार्क बापाशीक देतत काय?” पण मी हट्टच धरला आणि रस लावला. आणि दुसऱ्या दिवशी बघते तर खड्ड्याभोवती स्वच्छ गोल! बशीच्या तळातून खालचं टेबल दिसत होतं. मी ती बशी बघितली आणि लॅबमधून थेट खाली फोनच्या दुकानात. दादांच्या कारखान्यात फोन लावून सांगितलं, “रस पास.” मला वाटलं होतं, दादा आनंद मनातल्या मनात करतील. ते येताना पेढे घेऊन आले. आधी शेजारच्या हंसाबेनला दिले, मग सगळ्या मजल्यांवर, आणि शेवटी, आयुष्यात पहिल्यांदा शूर होऊन, तळमजल्यावर डॉक्टरांनाही. डॉक्टरांनी पेढा खाल्ला आणि म्हणाले, “अभिनंदन. पण कोकम आंबट असतं, नाही का? आंबटात जंतू तसेही वाढत नाहीत.”

डॉक्टर तसे वाईट नव्हते, पण त्या क्षणी मला त्यांच्या हातातला अर्धा पेढा काढून घ्यावासा वाटला. कारण ते बरोबर बोलत होते आणि मला ते आधी सुचायला हवं होतं. मॅडमनी दुसऱ्या दिवशी तेच सांगितलं. रसात थोडा थोडा खायचा सोडा घालून आंबटपणा मारायचा आणि पुन्हा बघायचं. सोडा पडला तसा तो सुंदर लाल रस आधी जांभळा, मग निळसर, मग डबक्यासारखा हिरवट झाला. जिजी या वेळीही स्टुलावर होती. “सोडो घालून कोकम कोण खाता?” एवढंच ती म्हणाली. गाऱ्हाणं घातलं नाही. सावंत उगाच ट्रे खाली ठेवून उभे राहिले होते, ते जरा वेळाने गेले. आणि त्या बशीत गोल आला नाही. आला असं मी म्हटलं असतं तर मॅडमनीही कदाचित मान्य केलं असतं, इतकं पुसट काहीतरी होतं. लिंबू पिळलं असतं तरी चाललं असतं, असा माझ्या प्रकल्पाचा निष्कर्ष होता. मला त्यात चांगले मार्क मिळाले. पुढे शिकवायला लागल्यावर मी नुसता हिरडाही वेगळा तपासला. तो कोकमासारखा फसवा निघाला नाही, त्याच्या अंगात खरंच काहीतरी आहे. पण जिजी चिमूटभर घालायची, आणि तोही तेलात बुडवलेला, आणि हे कळलं तेव्हा सांगायला ती नव्हती.

सोड्याची बशी बघितली त्या संध्याकाळी जिजीने स्टूल मागितलं, बरणीला फडकं बांधलं आणि माळ्यावर पाणी तापवायच्या बंबामागे सरकवली. कुणावर रागावली नाही. तिचं रागावणं आम्हाला सवयीचं होतं, तिच्या गप्प बसण्याला काय करायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पोरं गुडघे फोडून दारात यायची. “डॉक्टराकडे जा,” ती आतूनच सांगायची. पोरं घुटमळायची आणि डॉक्टरकडे न जाता परत मैदानावर जायची. सकाळी पाण्याची तपेली ठेवायचं बंद झालं. मग तिने दादांना गावच्या गाडीची चौकशी करायला सांगितलं, म्हणाली, थोडे दिवस घर झाडून-बिडून येते. दादा रोज विसरून यायचे. आईने एका दुपारी भांडी घासता घासता माझ्याकडे न बघता म्हटलं, “तुझ्या त्या बश्यांनी घर खायला उठलंय बघ.” मला रडू आलं. खोटं सांगता आलं असतं असं तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही, पण जिजीशिवायचं घर म्हणजे काय, हे पहिल्यांदा दिसत होतं आणि ते मला नको होतं.

आणि मग दादा पडले. गॅलरीतला बल्ब बदलायला खुर्चीवर खोकं ठेवून त्यावर चढले होते, जे करू नकोस असं जिजी त्यांना लहानपणापासून सांगत आली होती. नडगी सोलली, त्यात कुंडीतली माती गेली. दादांना रक्त बघवायचं नाही. डॉक्टरकडे जायला तयार नाहीत, धुवायला पाणी लावू देईनात, वरून घरातली टाल्कम पावडर भुरभुरली आणि हातरुमाल बांधून कामावर गेले. दोन-तीन दिवसांत ती नडगी सुजली, पिवळी झाली, आणि दादा पलंगावर उताणे पडून आपल्यामागे आमचं कसं होणार याचा हिशेब सांगायला लागले. आई म्हणाली धुऊन घ्या. मी म्हटलं, दादा, मी मायक्रोबायोलॉजी शिकतेय, नुसतं उकळलेल्या पाण्याने धुतलं तरी निम्मं काम होतं, मलमाची काही गरज नाही. हे मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं, आत जिजीला ऐकू जावं म्हणून. दादांनी पाय जवळ ओढून घेतला. “हात लावू नकोस. झोंबतं.”

जिजी आतून आली, दारात उभी राहून तिने नडगी बघितली. मग मला म्हणाली, “परत सांग. काय म्हटलंस?” मी सांगितलं. लॅबमधून आल्यापासून हेच डोक्यात होतं, की मलम नाही तर मग आमचे गुडघे बरे कशाने झाले? तर तुझ्या तपेलीने, जिजी. मातीचा कण न् कण काढतेस, उकळलेली पट्टी बांधतेस, त्याने.

“म्हणजे पाणी पास?”

“हो. पहिल्या वर्गात.”

तिने पदर कमरेला खोचला. मग दादांना म्हणाली, “बस पाटार. नुसतां पाण्यान धुतंय.”

“नुसतं पाणी नको,” दादा म्हणाले. पन्नाशीचा माणूस, कारखान्यात शंभर माणसांना ओरडणारा. “मलम लावणार असशील तर बसतो.”

“मलम नापास झालांसा रे.”

“होऊ दे. तू लाव. त्याशिवाय मी पाय देणार नाही.”

जिजीने माझ्याकडे बघितलं. कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर ते जुनं, दुसऱ्याची खोडी सापडल्याचं हसू आलं. “बघलंस?” ती म्हणाली. “धुवून घेवक कोण येणा नाय गो. मलम लावून घेवक येतत. ह्यां तुझ्या बशीत दिसात काय?” आणि तिने मला बरणी काढायला माळ्यावर चढवलं. आईने तपेली आधीच स्टोव्हवर ठेवली होती. पाणी गार होईपर्यंत दादांनी खोक्यावर का चढले ते सगळं खरंखरं सांगितलं, बोलणी खाल्ली, आणि मग भिंतीला धरून, डोळे मिटून, सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात “होय म्हाराजा” म्हणत राहिले. खालून डॉक्टर वर आले, काय झालं बघायला. त्यांनी जखम बघितली, धुतली चांगली आहे म्हणाले, एक इंजेक्शन दिलं आणि जिन्यात जिजीला विचारलं, “माझ्याकडे पोरं धुऊनच घेत नाहीत हो. थोडं जांभळं लोणी द्याल का मला?” तिने दिलं. पण पदर डोक्यावरून घेऊन, मान फिरवून दिलं.

गावच्या गाडीची चौकशी पुन्हा कुणी केली नाही. जिजी त्यानंतर बरीच वर्षं आमच्याकडेच होती आणि शेवटपर्यंत स्वतःच्या मलमाबद्दल कुणी विचारलं तर अभिमानाने सांगायची, “कॉलेजात नापास झालेला आसा.” परवा माझा नातू सायकलवरून पडून घरी आला. माझ्याकडे आता औषधांचा डबा आहे, त्यात चांगल्या कंपन्यांच्या ट्यूब आहेत, पण तो नळाकडे यायलाच तयार नाही. मी कपाटातून बरणी काढली. तिच्यात कोकमाचं तेल आणि रंगापुरता रस असतो, बाकी काही नाही. त्याला ती लांबूनच दाखवली, पाटावर बसवलं, कसा पडलास ते विचारलं, आणि तांब्या हातात घेऊन म्हटलं, “बा देवा म्हाराजा.” तो हुंदके देत होता, तरी त्याने डोळे घट्ट मिटून घेतले, माझा हात धरला आणि जोरात म्हणाला, “होय म्हाराजा.” मी पाणी ओतलं.